साक्षीच्या दिवशी घेतलेल्या गोळ्या

क्षयाच्या गोळ्या माणूस सहसा कुणाच्या तरी सांगण्यावरून सोडतो. शेजारीण सांगते, भावजय सांगते, एखादा बुवा सांगतो. माझ्या मंडळीतल्या एका बाईने त्या माझ्या सांगण्यावरून सोडल्या. मी मेथडिस्ट चर्चच्या मंडळीचा पाळक होतो आणि त्या वर्षी मला स्वतःलाच क्षय झाला होता. 'गोळ्या सोड' असं मी तिला कधीच म्हटलं नव्हतं. पण न म्हणताही सांगता येतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. बोलण्याचाच तर माझा धंदा.

ज्यांच्या उशाशी आज त्या गोळ्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आणि ज्यांच्यापुढे लोक मान खाली घालून ऐकतात, त्यांच्यासाठी जरा जास्तच.

खोकला

गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या अखेरची, आम्ही नाशिकरोडला होतो तेव्हाची. लग्नानंतरच्या सोळा वर्षांतलं ते आमचं पाचवं बिऱ्हाड. चर्चच्या दरवर्षीच्या परिषदेत बिशपसाहेब नेमणुका वाचून दाखवतात, आणि आपलं नाव ज्या गावापुढे येईल तिकडे ट्रंका बांधायच्या, असा आमच्यातला रिवाज. माझी बायको विमल मनमाडची, रेल्वेतल्या गार्डाची मुलगी. ती म्हणायची, "आमच्या बाबांची गाडी निदान फिरून घरी तरी यायची."

खोकला जूनमध्ये सुरू झाला. आधी आलं-मध झालं, मग हळद-दूध, मग कुणीतरी दिलेला काढा. जिभेखाली खडीसाखर ठेवून मी उपदेश करत असे. पाळकाचा आवाज चांगला असला की अर्धं काम झालं, असं मी गमतीने म्हणायचो. त्या पावसाळ्यात ते अर्धंही होईना. गळ्यातली पांढरी कॉलर सैल पडून फिरू लागली. संध्याकाळी अंगात कणकण यायची. घरोघरच्या प्रार्थना मात्र मी एकही चुकवली नाही आणि त्याचा मला अभिमान होता.

ऑगस्टमध्ये विमलने शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि मला रिक्षात बसवलं. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "हे पांढरं दिसतंय ना, ते पाणी. क्षयाचं आहे," ते म्हणाले. मग फिल्म खाली ठेवून विचारलं, "काम काय करता?"

"पाळक आहे. चर्चमध्ये."

"म्हणजे माणसांतलं काम."

सगळ्यांना वाटतं, अशा वेळी माणसाला मरण आठवतं. मला आठवला प्रभुभोजनाचा कठडा. लोक त्याच्याशी गुडघे टेकतात, तळहात पुढे करतात आणि मी त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा ठेवतो. आता माझ्या हातचा तुकडा कोण घेईल, हा माझा पहिला विचार. बायकोचा विचार दुसरा आला, मुलीचा तिसरा. लाज वाटते, पण क्रम तसाच होता.

बारा दिवस

पाठीत सुई घालून पाणी काढतात. उलट्या खुर्चीवर बसायचं, पाठीच्या पाटीवर हात टेकायचे आणि हलायचं नाही. बाटलीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी जमत जातं. दुखतं, पण लगेच श्वास मोकळा होतो, तेव्हा ज्यांना करायचं आहे त्यांनी घाबरू नये. भीती सुईची नव्हे, सुई काढल्यानंतरच्या दुपारची. वॉर्डातला पंखा, फिनेलचा वास आणि पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची धाप. माझंही असंच होणार का, हे विचारायला तिथे कुणी नसतं.

मला भेटायला एक पाळकबंधू आले. खाटेशी उभं राहून त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. माझे पाय उघडे होते, गार पडले होते, आणि ते प्रार्थना काही संपवेनात. वीस वर्षं आजाऱ्यांच्या उशाशी उभं राहून मी हेच करत आलो होतो. कुणाचे पाय उघडे आहेत हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. वॉर्डातल्या मावशी झाडता झाडता आल्या, आमेनची वाट न बघता माझ्या पायांवर चादर ओढली आणि पुढे गेल्या. त्या बारा दिवसांतलं मला सगळ्यात ठसठशीत आठवतं ते हेच.

घरी आलो तर माझं ताट-वाटी वेगळी मांडलेली. विमलने न विचारता केलं होतं, आणि बरोबरच होतं, तरी मला ते लागलं. आमची मुलगी स्मिता दहावीला होती. ती आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून अभ्यासाला बसे. एकदा उंबऱ्यातूनच म्हणाली, "पप्पा, आजारी पाळकाची बदली करतात का?"

"का गं?"

"नाही, बोर्डाचं वर्ष आहे म्हणून."

पोरीला मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं.

मंगळवारची रांग

गोळ्या सरकारी दवाखान्यात एका खिडकीवर मिळायच्या, दर पंधरवड्याच्या मंगळवारी. दुसऱ्याच खेपेला रांगेत माझ्यापुढे एस्तेर दिसली. मंडळीतलीच. माहेर येवल्याकडचं, नवरा मनोहर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटावर कोळशाच्या कामाला. वय तिशीच्या आतलं. तिने मला पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. मीही रुमाल तोंडावर धरला. मग दोघांनाही हसू आलं.

"पाळकसाहेब, तुमची बी लाल का?" तिने विचारलं. औषधात एक लाल कॅप्सूल असायची, लघवीसुद्धा तांबडी करणारी.

"लालच."

"मला वाटलं साहेबलोकांना येगळी देत असतील."

तिच्या नवऱ्याशिवाय आणि माझ्या घराशिवाय तिचं हे दुखणं कुणाला माहीत नव्हतं. माझं मात्र गावभर झालं होतं, पाळकाचं काय झाकून राहतं? रांगेत ती मला धीर द्यायची. "नऊ म्हैने म्हंजे काय, एका लेकराइतके. ते निघतात की," म्हणायची. तिला स्वतःला मूल नव्हतं. गोळ्यांनी मळमळतं, जेवण नकोसं होतं, अशा तक्रारी आम्ही एकमेकांना सांगायचो. पाळक झाल्यापासून मी कुणाशी इतकं सरळ बोललो नव्हतो.

तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही, कामाला लागा. गोळ्या मात्र पूर्ण नऊ महिने. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी प्रभुभोजन दिलं. एरवी कठड्याशी गुडघे टेकणाऱ्यांच्या चार फेऱ्या होत, त्या दिवशी जेमतेम दीड झाली. कारभारी मंडळातले वसंतकाका, मला मुलासारखं वागवणारे, गुडघे टेकून हळूच म्हणाले, "भाकर ताटलीत ठेवा साहेब, मी उचलतो." मी ठेवली. विमल पलीकडच्या टोकाला होती. तिने तळहात इतका पुढे केला की तो माझ्या झग्याला लागला.

साक्ष

त्याच महिन्याअखेर आमच्या आवारात मांडव घालून तीन दिवसांच्या उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास जागवणाऱ्या सभा, झाल्या. बाहेरगावचे प्रभावी वक्ते आले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी हाक दिली, ज्यांना प्रभूने रोगातून सोडवलं त्यांनी उठावं, साक्ष द्यावी. सगळा मांडव वळून माझ्याकडे पाहू लागला. मी उठलो नसतो तर चाललं असतं. पण मला तो रिकामा कठडा दिसत होता, वसंतकाकांची ताटली दिसत होती, ईस्टरनंतरची परिषद आणि स्मिताचं बोर्ड दिसत होतं.

मी म्हणालो, "तीन महिन्यांपूर्वी माझ्या छातीतून सुईने पाणी काढलं. आज मी तुमच्यापुढे उभा आहे. आज माझ्यापासून कुणालाही भय नाही. प्रभूने मला मोकळं केलं आहे."

यातलं एकही वाक्य धड खोटं नव्हतं. गोळ्यांचा शब्द मात्र मी काढला नाही. त्याच सकाळी स्वयंपाकघरात, बिस्किटांच्या जुन्या डब्यातून काढून मी त्या पाण्याबरोबर घेतल्या होत्या. एस्तेर तिसऱ्या रांगेत बसली होती. हात जोडून माझ्याकडे पाहत होती, आणि तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, माझ्यासाठी भरले असतील.

घरी विमल म्हणाली, "गोळ्यांचं बोलला नाहीत तुम्ही."

"गोळ्या देणाराही तोच की."

"मग ते तरी सांगायचं."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हटलं.

"त्या मुठीत गोळ्या आहेत हो," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला बसली.

डिसेंबरच्या प्रभुभोजनाला कठडा भरला. वसंतकाकांनी दोन्ही तळहात पुढे केले. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. त्या महिन्यात मी अनेक घरी पोटभर जेवलो, लोकांनी आग्रह करकरून वाढलं.

आता अडचण अशी की दर पंधरा दिवसांनी रांगेत उभं राहिलो तर कुणीतरी पाहणार. म्हणून मी जायचं बंद केलं आणि माझं कार्ड घेऊन विमल जाऊ लागली. जानेवारीत ती म्हणाली, "एस्तेर हल्ली रांगेत दिसतच नाही." पुढच्या खेपेला पुन्हा, "आजही नव्हती हो. विचारा ना जरा."

"वेळ चुकली असेल," मी म्हणालो. विचारलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तेव्हा नुसतं खवखवत होतं आणि मी पाणी पिऊन गप्प बसत होतो. रविवारी ती देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दिसायची, थोडी उतरलेली, पण हसायची. तेवढ्यावर मी भागवलं.

डबा

मार्चमध्ये मनोहर पार्सनेजवर, म्हणजे आमच्या राहत्या घरी, आला. एस्तेरला दवाखान्यात ठेवलं होतं, खोकल्यातून रक्त पडत होतं. "प्रार्थनेला या साहेब," म्हणाला. मी गेलो.

बायकांच्या वॉर्डात ती भिंतीला टेकून बसली होती. गालांची हाडं वर आलेली. "लांब बसा पाळकसाहेब," म्हणाली, "तुम्ही आत्ता कुठं बरे झालात."

"गोळ्या?" मी विचारलं.

"त्या तवाच सोडल्या. सभेच्या दुसऱ्या दिशी. तुमची साक्ष ऐकली न, मंग मी बी ठरवलं. परसात खड्डा करून पुरल्या, परत हात जायला नको म्हणून." ती दम घ्यायला थांबली. "दोन म्हैने लय बरं वाटलं. मंग आलं पुन्हा. माझा विश्वास कमी पडला. आमचे हे बी तेच म्हणत्यात. तुमच्यावानी नाय माझा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी डोळे मिटून प्रार्थना केली. तिचे पाय झाकलेले आहेत का, तेवढं मात्र आधी पाहिलं.

घरी येऊन विमलला सांगितलं. ती मला बोलेल असं वाटलं होतं, बोलली असती तर बरं झालं असतं. तिने बिस्किटांचा डबा फळीवरून काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "उद्या हा घेऊन जा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी डबा एस्तेरच्या खाटेवर उघडला. तिने आत वाकून पाहिलं.

"लालच हाय," ती म्हणाली.

"हो."

"रोज घेता?"

"एक दिवस चुकली नाही."

"सभेच्या दिशी बी?"

"त्या सकाळीही घेतली होती."

ती रडेल, ओरडेल, तोंड फिरवील, या सगळ्याची मी तयारी करून गेलो होतो. तिने डब्याचं झाकण लावलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला सुटका म्हणावं लागेल. "मंग माझा विश्वास कमी नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"मंडळीत सांगा मंग तसं. दर रविवारी हे चिठ्ठी टाकत्यात माझ्यासाठी. येवल्याला माझ्या आईकडं बी निरोप गेलाय, एस्तेर विश्वासात कच्ची निघाली म्हणून. तेवढं पुसून टाका."

"येत्या रविवारी सांगतो," मी म्हणालो. गोळ्या पुन्हा सुरू केल्या होत्या, पण डॉक्टर व्हरांड्यात मला म्हणाले, फार उशीर झालाय.

चिठ्ठी

आमच्याकडे उपासनेत विनंत्यांच्या चिठ्ठ्या ताटात गोळा होतात. पाळक एकेक उघडून वाचतो, सगळे त्यावर आमेन म्हणतात. तो झावळ्यांचा रविवार होता. मुलांच्या हातांत खजुरीच्या झावळ्या, देऊळ भरलेलं, आणि पहिल्या बाकावर आमच्या चर्चचे जिल्हा अधीक्षक आलेले. परिषदेत माझ्याविषयी त्यांचाच शब्द चालणार होता. स्मिताचे दोन पेपर राहिले होते. मी मनात वाक्यं जुळवून गेलो होतो. ती चिठ्ठ्या वाचून झाल्यावर म्हणायची, असं ठरवलं होतं.

चौथी चिठ्ठी मनोहरची निघाली. अक्षर ओळखीचं. 'माझी पत्नी एस्तेर हिचा विश्वास वाढावा व तिला आरोग्य मिळावे.'

मी ती वाचली. नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या चढउतारांनी वाचली, आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. सगळं देऊळ आमेन म्हणालं. मी डोळे उघडले तर विमलचे डोळे उघडेच होते आणि ओठ मिटलेले. मग मी पुढची चिठ्ठी उघडली. मनाशी म्हटलं, आज पाहुणे आहेत, मुलांचा कार्यक्रम आहे. पुढच्या रविवारी ईस्टर, तो दिवस सांगायला जास्त चांगला.

बुधवारी दुपारी एस्तेर गेली.

दफन गुरुवारी होतं. पेटी खाली सोडण्याआधी मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं. या बहिणीने माझी साक्ष ऐकून गोळ्या सोडल्या. मी स्वतः एकही दिवस सोडल्या नव्हत्या. साक्ष देताना मी ते लपवलं, आणि गेल्या रविवारी ठाऊक असून तिच्या विश्वासासाठी प्रार्थना केली. तिचा विश्वास माझ्याहून मोठा होता. बोलताना आवाज फुटला नाही, याचीच मला नंतर चीड आली. तिची आई येवल्याहून आली होती. तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही, ती पेटीवर हात ठेवून बसली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. वसंतकाका म्हणाले, "ही का जागा होती बोलायची?" त्यांना मी म्हटलं, जागा रविवारची होती, ती गेली. परिषदेत माझं नाव लांबच्या एका लहान मंडळीपुढे वाचलं गेलं. स्मिता मनमाडला आजोबांकडे राहून शिकली आणि वर्षभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. मेमध्ये माझी शेवटची गोळी झाली. तोवरच्या सगळ्या रविवारी मी गोळ्या उपासनेच्या आधी, लोकांदेखत घेतल्या. कुणाला नाटक वाटलं असेल, तर वाटो. त्यानंतरच्या साऱ्या वर्षांत कुणी बरं झाल्याची साक्ष द्यायला आलं की मी आधी विचारायचो, औषध चालू आहे का? असेल तर तेही सांगा, नाहीतर बसा. यामुळे माझ्या मंडळीत साक्षी कमी होत. गोळ्या मात्र कुणी सोडल्या नाहीत, निदान माझ्यामुळे तरी नाही.

ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती शेवटी राहिली आहे. त्या गुरुवारी लोक पांगल्यावर मनोहर दफनभूमीच्या फाटकाशी उभा होता. मारील, असं मला वाटलं. मी त्याच्यापुढे जाऊन थांबलो.

"साहेब," तो म्हणाला, "हे तिनं मला सांगितलं होतं. सोमवारी. डब्याचं बी सांगितलं."

त्याने फाटकाचा गज धरला.

"मी म्हणलं, कालच पाळकसाहेबांनी तुझ्या विश्वासासाठी प्रार्थना केली, मी तिथं बसलो होतो. आन तू त्यांच्यावर खोटं घालती? मरताना तरी खरं बोल म्हणलं. लय बोललो तिला."

"मग ती काय म्हणाली?"

"काय नाय," मनोहर म्हणाला. "बरं, म्हणाली."